गाठीपुरती उष्णता : प्रकाश, नॅनोकण आणि कर्करोगाचा उपचार

उष्णतेने जिवंत पेशी मरते आणि कर्करोगाची पेशीही या नियमाला अपवाद नाही, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये छातीवरील गाठी डागण्याचा उल्लेख सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या रुग्णांना आधी जिवंत जिवाणू व नंतर त्यांची विषे टोचून मुद्दाम ताप आणला आणि त्यांपैकी काहींच्या गाठी विरल्याही, परंतु हा परिणाम तापाचा की खवळलेल्या प्रतिकारशक्तीचा याची उकल त्या काळी होऊ शकली नाही. उष्णता गाठीत निर्माण करावी आणि तिची झळ शेजारच्या निरोगी ऊतीला लागू नये, ही मूळ अडचण त्यानंतरही अनेक दशके कायम राहिली. प्रकाशाने तापणाऱ्या नॅनोकणांचा उपचार, म्हणजेच प्रकाश-औष्णिक उपचार, या अडचणीवरचा गेल्या पाव शतकातला सर्वांत गाजलेला तोडगा आहे. त्याचे मूल्यमापन करताना कण किती तापतात यापेक्षा ते कुठे पोहोचतात आणि त्यांच्यापर्यंत प्रकाश कसा पोहोचतो, या दोन प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची ठरतात.

ऊतीवर उष्णतेचा परिणाम तापमान आणि काळ या दोहोंवर अवलंबून असतो. साधारण ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला पेशींतील प्रथिनांची घडी बिघडू लागते, पेशीपटल ढिले पडते आणि किमो किंवा किरणोपचाराला पेशी अधिक बळी पडते. ५० अंशांच्या पुढे प्रथिने साकळतात आणि काही मिनिटांत पेशी मरतात. ६० अंशांच्या आसपास हे जवळजवळ तत्काळ घडते. ४३ अंशांच्या वर तापमान एका अंशाने वाढले की तेवढ्याच परिणामासाठी लागणारा वेळ निम्मा होतो, हा सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४ मध्ये मांडलेला हिशेब आजही या क्षेत्राचे मोजमाप आहे. यकृतातील गाठी जाळण्यासाठी रेडिओलहरी किंवा सूक्ष्मलहरींची सुई वापरण्याची पद्धत आता रुळलेली आहे, पण तिची उष्णता सुईच्या टोकाभोवती पसरते. गाठीचा आकार ओबडधोबड असला तरी जळणारा भाग मात्र अंडाकृतीच राहतो, आणि जवळून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते व तिच्या लगतच्या पेशी वाचतात. उष्णतेचा उगम सुईऐवजी गाठीच्या आतच विखुरलेला असेल तर काय होईल, या विचारातून नॅनोकणांची कल्पना पुढे आली.

तिचे तत्त्व सोपे आहे. उन्हात काळे कापड पांढऱ्यापेक्षा लवकर तापते, त्याचप्रमाणे ज्या प्रकाशाला शरीरातील ऊती बऱ्याच अंशी पारदर्शक आहेत तो प्रकाश शोषून घेणारा पदार्थ केवळ गाठीत ठेवला, तर प्रकाश साऱ्या भागावर पडूनही खरी उष्णता गाठीतच निर्माण होईल. दृश्य प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्वचेतील मेलॅनिन शोषून घेतात, तर लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पाणी शोषते; या दोहोंच्या मध्ये, सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, ऊतींचे शोषण सर्वांत कमी असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) या पट्ट्याला 'जैविक खिडकी' म्हणतात आणि त्यातील डोळ्यांना जेमतेम दिसणारा किंवा न दिसणारा प्रकाश निकट-अवरक्त म्हणून ओळखला जातो. रुग्णांच्या बोलण्यात किरणोपचारालाच 'लाइट घेणे' म्हणतात, म्हणून हे स्पष्ट केलेले बरे की येथील प्रकाश क्ष-किरणांसारखा पेशीच्या गुणसूत्रांना थेट इजा करणारा नाही. प्रकाश-गतिक उपचार हाही याचा भाऊबंद असला तरी निराळा आहे. त्यात प्रकाशाने उत्तेजित झालेले रंगद्रव्य ऑक्सिजनपासून विषारी रेणू बनवते, त्यामुळे ऑक्सिजनची टंचाई असलेल्या गाठीच्या गाभ्यात तो लंगडा पडतो. उष्णतेला ऑक्सिजनची गरज लागत नाही.

प्रकाश शोषणारा पदार्थ म्हणून सोन्याची निवड झाली, ती त्याच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण तयार केले आणि हा रंग अतिसूक्ष्म सुवर्णकणांचा असल्याचे ओळखले. गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित मांडले. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या विद्युतक्षेत्राबरोबर एकत्र हेलकावू लागतात आणि एका ठरावीक तरंगलांबीला हा हेलकावा पराकोटीला जातो. या घटनेला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन असे नाव आहे. त्या तरंगलांबीला एक सुवर्णकण वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या इंडोसायनीन ग्रीनसारख्या रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा दहा हजार ते लाखपट अधिक प्रकाश शोषतो. शोषलेली ऊर्जा प्रथम इलेक्ट्रॉनांत वाटली जाते, काही पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही महापद्मांशांत, धातूच्या जालकाला मिळते आणि तेथून भोवतालच्या पाण्यात उतरते. सोने येथे रासायनिक दृष्ट्या काहीच करत नाही, ते केवळ प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर करते.

अडचण एवढीच होती की सोन्याच्या साध्या गोल कणांचे अनुस्पंदन ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात होते, आणि तो प्रकाश रक्तच शोषून घेते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नेओमी हालास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की सिलिकाच्या गोळीवर सोन्याचे पातळ कवच चढवले आणि गाभ्याच्या मानाने कवचाची जाडी बदलली, तर हे अनुस्पंदन हवे तसे सरकवून निकट-अवरक्त पट्ट्यात आणता येते. दुसरी वाट सोन्याच्या नॅनोदांड्यांची निघाली. रुंदीच्या सुमारे चौपट लांब असलेला दांडा ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश उत्तम शोषतो. पदार्थ तोच ठेवून निव्वळ आकारमानावर त्याचा प्रकाशाशी असलेला व्यवहार बदलता येणे, हे या साऱ्या विद्येचे मर्म आहे.

हालास आणि जैव-अभियंत्या जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांच्या गाठींत कवचकण टोचून ८२० नॅनोमीटरचा लेसर सोडला, तेव्हा चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांवरून मोजलेले तापमान चार ते सहा मिनिटांत सरासरी ३७ अंशांनी वाढले. कण नसलेल्या गाठींत ही वाढ १० अंशांच्या आतच राहिली. पुढच्या वर्षीचा प्रयोग अधिक बोलका होता. त्यात कण गाठीत न टोचता उंदराच्या रक्तात सोडले, ते गाठीत साचण्यासाठी सहा तास दिले आणि मग ८०८ नॅनोमीटरचा लेसर दर चौरस सेंटिमीटरला ४ वॉट या तीव्रतेने तीन मिनिटे लावला. उपचार झालेल्या उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या आणि ९० दिवसांनंतरही ते निरोगी होते. जॉर्जिया टेकचे मुस्तफा अल-सईद आणि त्यांचे शल्यविशारद पुत्र इव्हान अल-सईद यांच्या गटाने २००६ मध्ये मुखकर्करोगाच्या पेशींवर नॅनोदांडे वापरले. या पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट ग्राहक-प्रथिन मोठ्या प्रमाणावर असते. त्याला चिकटणारे प्रतिपिंड दांड्यांवर बसवल्यामुळे कर्करोगाच्या पेशींवर अधिक दांडे जमले आणि निरोगी पेशींना लागणाऱ्या लेसरऊर्जेच्या सुमारे निम्म्या ऊर्जेत त्या मेल्या.

या यशानंतर प्रकाश शोषणाऱ्या पदार्थांचा पूर आला. कार्बनच्या नॅनोनळ्या, ग्राफीन, तांब्याचे सल्फाइड, थॅलियमच्या विषबाधेवर उतारा म्हणून आधीच मान्य असलेले प्रशियन ब्लू, शिंपल्याच्या चिकट स्रावाशी नाते सांगणारे पॉलिडोपामाइन, अशी यादी लांबतच गेली. यांतील बहुसंख्य शोधनिबंधांचा साचा एकच असतो: नवा कण, त्याच्या तापण्याचा आलेख, बशीतल्या पेशी आणि शेवटी उंदराच्या कुशीवरची वितळलेली गाठ. कण तापतो हे पुन्हा पुन्हा सिद्ध करण्यात फारसे काही उरलेले नाही, कारण ती बाब २००४ मध्येच बऱ्यापैकी निकालात निघाली होती.

खरी परीक्षा उंदराकडून माणसाकडे येताना सुरू होते आणि तिचा पहिला भाग निव्वळ भूमितीचा आहे. पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदराच्या कातडीखालची अर्ध्या ग्रॅमची गाठ त्याच्या वजनाच्या दोन टक्के असते. साठ किलोच्या माणसात त्याच प्रमाणातली गाठ सव्वा किलोच्या घरात जाईल आणि ती कातडीखाली काही मिलिमीटरांवर नसून बहुधा फुप्फुसात, यकृतात किंवा स्वादुपिंडात असेल. निकट-अवरक्त प्रकाशाचे शोषण कमी होत असले तरी ऊतींमध्ये तो वाटेल तसा विखुरतो, आणि एखाददोन सेंटिमीटर आत जाईपर्यंत त्याचा थोडकाच अंश उरतो. तीव्रता वाढवून ही तूट भरता येत नाही, कारण ८०८ नॅनोमीटरला त्वचेसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ वॉट आहे. उंदरांवरील त्या गाजलेल्या प्रयोगातली तीव्रता तिच्या बारा पट होती. १००० नॅनोमीटरच्या पलीकडच्या 'दुसऱ्या खिडकी'त प्रकाश कमी विखुरतो आणि सुरक्षिततेची मर्यादाही अधिक आहे, म्हणून अलीकडचे बरेच संशोधन तिकडे वळले आहे. तरीही बाहेरून प्रकाश टाकून पोटातली गाठ जाळणे त्याने शक्य होणार नाही. खोलवरच्या गाठीसाठी प्रकाशतंतू सुईतून आत न्यावाच लागतो, आणि तसे केले की उपचाराचे 'सुईविना' असण्याचे आकर्षण बरेचसे संपते.

परीक्षेचा दुसरा भाग कणांच्या प्रवासाचा आहे. जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले की गाठीतील घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तेथील लसिकावहन दुबळे असते, त्यामुळे मोठे रेणू व कण गाठीत शिरतात आणि तेथेच अडकतात. पुढली तीस वर्षे नॅनोवैद्यकाची बरीच इमारत या पायावर उभी राहिली. टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचा एकत्रित हिशेब केला, तेव्हा रक्तात सोडलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचा मध्यक अवघा ०.७ टक्के निघाला, म्हणजे हजारातले सातच कण मुक्कामी पोहोचत होते. त्याच गटाने २०२० मध्ये असेही दाखवले की शिरणारे बहुतेक कण भिंतीतल्या फटींतून न जाता वाहिन्यांच्या अस्तरपेशींमधून सक्रियपणे वाहून नेले जातात. एकाच आकड्यावरून साऱ्या क्षेत्राला नापास करू नये, साध्या औषधांचाही थोडाच अंश गाठीत जातो, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तरी प्रकाश-औष्णिक उपचाराला तो पुरता लागू पडत नाही, कारण येथे कणांची एकूण संख्या जितकी महत्त्वाची आहे तितकीच त्यांची वाटणीही. कण रक्तवाहिन्यांच्या आसपास आणि गाठीच्या कडेला दाटतात व गाभा कोरडा राहतो; त्यामुळे काही पेशी जळतात, तर काही नुसत्या कोमट होतात आणि उष्माघात-प्रथिने बनवून पुढच्या उष्णतेला सरावतात. अर्धवट तापवलेली गाठ ही न तापवलेल्या गाठीपेक्षा कमी धोक्याची असतेच असे नाही.

उरलेले नव्याण्णव टक्के कण मुख्यतः यकृत आणि प्लीहेतील भक्षकपेशी गिळतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठा कण सहसा निघत नाही, तर उपचाराचे कण दहापासून दीडशे नॅनोमीटरपर्यंतचे असतात. म्हणून ते यकृतात महिनोन् महिने राहतात. सोने निष्क्रिय असल्याने त्याचा तत्काळ अपाय आढळत नाही, परंतु दांडे घडवताना लागणारे सीटॅब हे रसायन पेशींना विषारी असते आणि ते काढून त्याजागी पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखे निरुपद्रवी वेष्टन चढवावे लागते. येथे सुवर्णभस्माची आठवण काढून हे सारे आपल्याकडे आधीच होते असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो, पण पोटात घेतलेल्या भस्माचे कण विशिष्ट तरंगलांबीसाठी घडवलेले नसतात आणि त्यांच्यावर लेसरही सोडला जात नाही. सोने हा शब्द सोडला तर दोहोंत समान असे काहीच नाही.

कण शरीराबाहेर कसा जावा या प्रश्नावरचे एक लक्षणीय काम मुंबईत झाले आहे. पवईच्या आयआयटीतील रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संशोधन संस्थेतील अभिजित डे यांचा गट यांनी २०१५ मध्ये मेदाच्या सूक्ष्म पिशवीवर, म्हणजे लायपोसोमवर, सोन्याचा थर चढवलेले कण उंदरांत वापरले. अखंड असताना असा कण निकट-अवरक्त प्रकाशात तापतो, आणि नंतर मेदाची पिशवी विरघळली की सोन्याचे बारीक तुकडे होऊन ते मूत्रपिंड तसेच यकृत-पित्तमार्गाने बाहेर पडू शकतात. कण किती तापतो याच्या जोडीने तो मोडतो कसा याचाही विचार आराखड्यातच केलेला असल्यामुळे हे काम त्या पुरातल्या शेकडो निबंधांपेक्षा वेगळे ठरते.

माणसांवरील अनुभवापैकी सर्वांत भक्कम नोंद पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाची आहे. हालास आणि वेस्ट यांच्या संशोधनातून उभ्या राहिलेल्या नॅनोस्पेक्ट्रा कंपनीचे सुमारे दीडशे नॅनोमीटरचे कवचकण वापरून न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित आणि कमी ते मध्यम धोक्याचा असलेल्या १६ पुरुषांची निवड झाली होती. आदल्या दिवशी शिरेतून कण सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी भूल देऊन, आधी काढलेली एमआरआय प्रतिमा प्रत्यक्ष सोनोग्राफीवर जुळवत, वृषणकोश आणि गुदद्वार यांमधल्या त्वचेतून लेसरतंतू नेमक्या गाठीत न्यायचा, अशी पद्धत होती. लेसरची शक्ती अशी बेताची ठेवलेली होती की कण जमलेला भागच जळण्याइतका तापावा. १६ पैकी १५ जणांचा उपचार पुरा झाला, मूत्रविसर्जन आणि लैंगिक कार्य यांत लक्षणीय घट आढळली नाही, आणि वर्षभरानंतरच्या बायॉप्सीत बहुतेकांच्या उपचारित भागात कर्करोग सापडला नाही. पुढे अनेक रुग्णालयांत मिळून चाळीसहून अधिक पुरुषांवर हाच उपचार झाला, तेव्हा हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश निघाले.

या आकड्यांचे मोल नीट समजून घ्यायला हवे. प्रोस्टेट काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता गमावण्याची भीती खरी असते, त्यामुळे ग्रंथी शाबूत ठेवून फक्त गाठ जाळता आली तर रुग्णाचा लाभ उघड आहे. परंतु या चाचण्यांत तुलनेचा गट नव्हता, आणि कणांविना नुसत्या लेसरतंतूने प्रोस्टेटची गाठ जाळण्याची पद्धतही अस्तित्वात आहे; मग यशातला किती वाटा कणांचा आणि किती तंतू अचूक बसवणाऱ्या प्रतिमातंत्राचा, हे त्यांवरून सांगता येत नाही. शिवाय निवडलेले रुग्ण अशा टप्प्यावरचे होते की त्यांच्यापैकी काहींना नुसते देखरेखीखाली ठेवणे हाही मान्य पर्याय ठरला असता. ज्यांचा कर्करोग शरीरभर पसरला आहे अशांना या उपचाराने आज काही देता येत नाही, आणि रामबाण इलाजाच्या बातम्या त्यांच्याच आशेवर जगतात.

पसरलेल्या कर्करोगाबाबत आशेची एक वाट आहे, ती प्रतिकारशक्तीची. उष्णतेने मरणाऱ्या पेशी आपली प्रथिने व धोक्याचे संकेत भोवताली सोडतात आणि संरक्षक पेशींना शत्रूची ओळख पटते. प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी औषधे जोडीला दिल्यास दूरच्या, लेसर न लावलेल्या गाठीही आकसतात, असे उंदरांवरील अनेक प्रयोगांत दिसले आहे. शतकापूर्वी कोली यांच्या रुग्णांत जे घडले असावे त्याच्याशी याचे नाते जुळते. या वाटेने गेल्यास सर्व पेशी जाळण्याचा अट्टहास सोडता येतो आणि ४२ ते ४५ अंशांची सौम्य उष्णताही पुरेशी ठरू शकते. उंदरांतील प्रतिकारशक्तीचे यश माणसांत अनेकदा विरून गेले आहे, हेही येथे विसरता येत नाही.

प्रकाशाची खोलीची मर्यादा टाळणारा चुंबकीय पर्याय बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीने आणला होता. लोहाच्या ऑक्साइडचे कण मेंदूतील गाठीत टोचून बाहेरून प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने ते तापवण्याच्या या पद्धतीला युरोपात २०१० मध्ये मान्यताही मिळाली, पण वापर मर्यादितच राहिला आणि २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भौतिकशास्त्र बरोबर असूनही उपचार रुजत नाही, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

या साऱ्यावरून प्रकाश-औष्णिक उपचाराची जागा बऱ्यापैकी स्पष्ट होते. जेथे प्रकाश सहज नेता येतो, गाठ मर्यादित असते आणि आसपासचा अवयव वाचवण्याला मोल असते, अशा ठिकाणी, म्हणजे प्रोस्टेट, मूत्राशय, त्वचा आणि तोंड येथे, शल्यविशारदाच्या हातातले एक नेमके हत्यार म्हणून तो उपयोगी पडू शकतो. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे, त्याची गाठ डोळ्यांना दिसते, बोटाला लागते आणि तेथे कण शिरेऐवजी थेट गाठीत टोचता येतात, त्यामुळे ०.७ टक्क्यांची अडचणच बरीचशी टळते. अल-सईद पिता-पुत्रांचा २००६ चा प्रयोग मुखकर्करोगाच्याच पेशींवर होता हे ध्यानात घेता, या रोगावरील पद्धतशीर चाचणीसाठी आपल्या देशाइतकी योग्य जागा दुसरी सापडणे कठीण. अशा चाचणीत एका गटाला लेसरसह कण आणि दुसऱ्याला नुसता लेसर देऊन दोहोंची तुलना करायला हवी. नव्या कणांच्या आणखी शंभर निबंधांपेक्षा तिचे उत्तर अधिक कामाचे ठरेल. तोवर हा उपचार महाराष्ट्रातल्या कोणत्याही रुग्णालयात नेहमीचा उपचार म्हणून उपलब्ध नाही, आणि ज्या रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली गेली आहे त्याने त्याची वाट पाहत ती लांबणीवर टाकू नये.